अलेक्झांड्रा पाम बेटांवर डोईजड का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पामबद्दल बोलणं निघालं की मला तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मुख्य विषय अलेक्झांड्रा पाम आणि हवाई बेटं, पण वाटेत फिजी, मॉरिशस, साळुंकी, नारळ असं बरंच काही येईल, त्याला इलाज नाही.

हा अलेक्झांड्रा पाम म्हणजे नक्की कुठला?

आपली पोफळ डोळ्यासमोर आणा. सरळसोट एकच खोड, त्यावर वळ्या, शेंड्याखाली हिरवागार गुळगुळीत नळीसारखा भाग आणि त्यावर पानांचा झुबका. आता तीच पोफळ जरा दणकट करा, बुंध्याशी थोडी फुगवा, पान उलटं करून खालून चंदेरी-राखाडी रंग द्या, झाला अलेक्झांड्रा पाम. हिरव्या नळीच्या खाली पांढरट फुलांचे तुरे लोंबतात आणि मग त्याला लालभडक फळांचे घोस धरतात, फळ साधारण एक सव्वा सेंटिमीटरचं. त्या लाल फळाकडे लक्ष ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

शास्त्रीय नाव आर्कोन्टोफीनिक्स अलेक्झांड्री. मूळ गाव ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा किनारा, तिथल्या दमट जंगलात आणि पाणथळ जागी वाढतो. फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि डेन्मार्कच्या राजकन्येचं, अलेक्झांड्राचं, नाव दिलं (तीच पुढे इंग्लंडची राणी झाली).

नर्सरीवाला 'अलेक्झांडर पाम' म्हणतो, तोच का हा?

असेलही, नसेलही. नर्सरीत पामच्या नावांचा नुसता गोंधळ आहे. अलेक्झांडर नावाने बरेचदा टायकोस्पर्मा एलेगन्स हा दुसराच पाम देतात, तोही क्वीन्सलँडचा, पण खोड बारीक. ओळखायची सोपी खूण म्हणजे पानाच्या पात्यांची टोकं बघा. अलेक्झांड्राची टोकदार असतात, टायकोस्पर्माची कुणीतरी चावून टाकल्यासारखी, वेडीवाकडी कातरलेली. फ्लोरिडात टायकोस्पर्मासुद्धा बागेतून पळून रानात शिरलाय, त्यामुळे या बाबतीत दोघं भाऊ भाऊच.

आणि हो, आपल्याकडे ज्याला सर्रास बॉटल पाम म्हणतात तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो. खरा बॉटल पाम बुटका, पोट सुटलेला, त्याची गोष्ट खाली मॉरिशसच्या उत्तरात आहे.

इतकं देखणं झाड, त्यात वाईट काय?

झाडात वाईट काहीच नाही. क्वीन्सलँडमध्ये ते आपल्या घरी आहे, तिथे त्याचं बी खाणारे किडे आहेत, रोपं कुरतडणारे प्राणी आहेत, उजेडासाठी भांडणारी शेजारची झाडं आहेत, सगळ्यांचा एकमेकांना धाक असतो. तेच झाड उचलून हजारो किलोमीटर लांबच्या बेटावर नेलं, वर पाऊस बारमाही आणि धाक कुणाचाच नाही, मग काय होणार! आपल्याकडे घाणेरी आणि रानमोडीने काय केलं ते बघितलंय ना, घाणेरी पण शोभेसाठीच आणली होती. रानमोडी हे नावच बघा, लोकांनी एका शब्दात अख्खा रिपोर्ट लिहून टाकलाय.

हवाईत नेमकं काय झालं?

हवाई बेटांमधल्या सगळ्यात मोठ्या बेटावर पूर्वेला हिलो नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला साधारण ३२०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण फरक असा की आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि हिलोचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतच राहतो, जमीन कधी वाळतच नाही. अलेक्झांड्रा पामला आणखी काय हवं. रस्त्याकडेला, बंगल्यांच्या आवारात, हॉटेलांच्या दारात लावला, कारण झटपट वाढतो, पोस्टकार्डातल्यासारखा दिसतो आणि वाळलेलं पान आपोआप गळून पडतं, माडासारखं वर चढून झावळ्या उतरवायला माणूस शोधावा लागत नाही. ओनोमिया उपसागराजवळच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये तर या पामची जुनी राईच आहे, टुरिस्ट लोक तिथे मान वर करून फोटो काढतात.

लोकांनी लावलेलं झाड लावलेल्या जागी राहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण फळ पिकलं, पक्ष्याने उचललं, ओढ्याने वाहून नेलं, आणि आता त्या ओल्या बाजूच्या घळींमध्ये, ओढ्यांच्या काठाने हे पाम कुणी न लावता उगवलेले आहेत. आईच्या झाडाखाली रोपांची दाट सतरंजी पसरते, रोपं सावलीत तग धरून राहतात, वरून पानं पडत राहतात, एवढं मोठं पान बारक्या स्थानिक रोपावर पडलं की ते रोप गेलंच. वरचं एखादं झाड पडून उजेड आला की खाली वाट बघत बसलेला पाम सरसर वर जातो आणि जागा पटकावतो.

नेमकं हेच आता तिथे जास्त धोक्याचं झालंय, कारण हवाईच्या जंगलाचा कणा म्हणजे ओहिया नावाचं झाड, आणि साधारण २०१० पासून त्या बेटावर ओहियाला एक बुरशीचा रोग लागलाय, झाड बघता बघता वाळतं. एकेक ओहिया गेला की छपराला भोक पडतं आणि त्या उजेडाच्या रांगेत पहिला नंबर बाहेरून आलेल्यांचाच असतो, पेरूची एक जंगली जात, इतर तण, आणि ओल्या घळींत हा पाम.

हवाईला स्वतःचा पाम नव्हताच का?

होता आणि आहे, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं. त्याचं नाव लोऊलू, शास्त्रीय नाव प्रिचार्डिया, पंख्यासारखी पानं. हवाईत त्याच्या दोन डझनाच्या आसपास जाती आहेत आणि त्या जगात दुसरीकडे कुठेच आपणहून उगवत नाहीत. एकेकाळी ओआहू बेटाच्या सखल भागात लोऊलूची जंगलंच होती, हे जमिनीखालच्या गाळात सापडलेल्या परागकणांवरून कळलंय. मग माणसांबरोबर उंदीर आले, त्यांना लोऊलूचं बी भलतंच आवडलं, जमिनी शेतीखाली गेल्या, आणि आज काही जातींची रानातली झाडं बोटांवर मोजावी इतकी उरलीत. मोलोकाई बेटाजवळ समुद्रातून उभा वर आलेला हुएलो नावाचा एक सुळका आहे, त्याच्या माथ्यावर लोऊलू अजून दाटीने उभे आहेत, उंदीर तिथे पोचू शकले नाहीत म्हणून.

आणि मजा अशी की हॉटेलच्या दारात लोऊलू क्वचित दिसतो, परदेशी पाम रांगेने दिसतात.

बेटांवरच असं का होतं? मुख्य भूमीवर नाही का होत?

होतं की. ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरातल्या विद्यापीठाच्या जंगलात याच पामचा सख्खा भाऊ, बंगालो पाम (बंगालशी काही संबंध नाही), बागांमधून येऊन घुसलाय. तिथला स्थानिक जुसारा पाम आतला कोवळा गाभा खायला तोडून तोडून कमी झाला, आणि कस्तूर पक्ष्यांना खायला याची लाल फळं तयारच होती.

पण बेटांवर जास्त लागतं, त्याची कारणं आहेत. हवाई जवळच्या खंडापासून साधारण ३८०० किलोमीटर लांब. तिथे आपणहून पोहोचलेला जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच, वटवाघूळ. ना हरीण, ना माकड, ना उंदीर. लाखो वर्षं तिथल्या झाडांना चरणाऱ्या जनावरांनी खाल्लंच नाही, त्यामुळे काटे, विष, चिवटपणा असला बंदोबस्त त्यातल्या बऱ्याच जणांनी ठेवलाच नाही. तिथल्या फुलझाडांपैकी साधारण ९० टक्के जाती जगात फक्त तिथेच आहेत, आणि जागा किती, तर एक डोंगर, एक दरी. मोठ्या देशात एका तालुक्यातलं रान गेलं तरी ती जात दुसऱ्या तालुक्यात असते. बेटावर दुसरा तालुकाच नसतो.

पण बी पसरवतं कोण? पक्षी तर तिथलेच ना?

हाच तर विनोद आहे. हवाईतले फळं खाणारे बरेचसे मूळ पक्षी संपलेत. अलाला नावाचा तिथला कावळा २००२ च्या सुमारास जंगलातून दिसेनासा झाला, आता पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडायचे प्रयत्न चालू आहेत. रिकाम्या जागी माणसांनी आणलेले पक्षी आले आणि त्यात आपली मंडळी पुढे. साळुंकी १८६५ मध्ये भारतातून हवाईला नेली, पिकावरच्या अळ्या खाईल म्हणून. अळ्या खाल्ल्या की नाही ते जाऊ दे, फळं मात्र खाल्ली. ओआहूवर आपला लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल दोन्ही आहेत. फिजीत लालबुड्या बुलबुल १९०३ च्या आसपास गेला, गिरमिटिया म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर गेला असं सांगतात. आता एवढ्या लांब जाताना कुणी पिंजऱ्यात बुलबुल घेऊन का गेलं असेल याचं उत्तर मला तरी कळतं, घराची आठवण. त्याला काय माहीत पुढे काय होणार.

पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर याच बुलबुलाने मिकोनिया नावाच्या झाडाचं बी डोंगरभर पेरलं. मिकोनिया पाम नाही, पण आणलं होतं शोभेसाठीच, १९३७ मध्ये एका बागेत, मोठी मोठी जांभळ्या पाठीची पानं सुंदर दिसतात म्हणून. आज ताहितीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग त्याच्या पकडीत आहे.

एखादा पाम पुढे त्रास देईल हे आधी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. ऑस्ट्रेलियाने ४९ प्रश्नांची एक परीक्षा तयार केली आणि हवाईने ती आपल्या हवामानाप्रमाणे थोडी बदलून घेतली. हे झाड दुसरीकडे कुठे रानात पळालंय का? सावलीत उगवतं का? बी पक्षी नेतात का? तोडल्यावर फुटतं का? असे प्रश्न, प्रत्येकाला मार्क. बेरीज ६ च्या वर गेली की हाय रिस्क, १ च्या खाली असेल तर लो रिस्क, मधलं असेल तर आणखी तपासा. इथे जास्त मार्क म्हणजे नापास, एवढं लक्षात ठेवा.

मी स्वतः नर्सरीत याची गावठी आवृत्ती वापरतो. फळ छोटं आणि रंगीत आहे का, आणि रोप सावलीत जगतं का, दोन्हीला हो असेल तर सावध. याच्या उलट टोकाला सेशेल्सचा कोको द मेर, म्हणजे आपल्या जुन्या औषधांच्या दुकानातला जहरी नारळ किंवा दर्याई नारळ, फकिराच्या हातातलं काळं भांडं असतं ना ते त्याचंच. जगातलं सगळ्यात वजनदार बी, कुठला पक्षी उचलणार ते! झाडाखाली पडतं आणि तिथेच उगवतं. तो बिचारा दोनच बेटांवर अडकून राहिला.

हा एकच पाम असा आहे की अजून आहेत?

अजून आहेत. फिजीची राजधानी सुवा, तिच्याजवळ थोलो-इ-सुवा नावाचं जंगल आहे, तिथे पिनांगा कोरोनाटा हा इंडोनेशियाकडचा शोभेचा पाम पसरलाय. हा तर बेटात वाढतो (म्हणजे केळीसारखा बुंध्यातून अनेक खोडं काढत, समुद्रातलं बेट नव्हे), गर्द सावली त्याला आवडते, आणि धडधाकट पावसाळी जंगलातसुद्धा आत शिरतो. एरवी तण म्हटलं की तोडलेलं, जाळलेलं रान आठवतं, इथे तसं नाही म्हणून तिथले अभ्यासक जास्त काळजीत आहेत.

बर्म्युडात आपल्याकडे चायना पाम म्हणून मिळतो तो पंख्याच्या पानांचा पाम तिथल्या स्थानिक पामच्या जागा घेतोय. बर्म्युडा तसं उष्ण कटिबंधाच्या जरा वर आहे, पण गोष्ट तीच.

नारळ? आता नारळाला पण नावं ठेवणार का?

अजिबात नाही, मला मार खायचा नाहीये. पण पॅसिफिकच्या मध्यावर पाल्मायरा नावाचं प्रवाळबेट आहे, तिथे खोबऱ्यासाठी माड लावले आणि पुढे माणसं गेली, माड राहिले, त्यांनी स्थानिक झाडं मागे सारत रान भरून टाकलं. समुद्रपक्ष्यांना माडावर घरटं करायला आवडत नाही, वाऱ्यात झुलणाऱ्या झावळीवर अंडं कसं टिकणार. पक्षी कमी म्हणजे त्यांची विष्ठा कमी, म्हणजे जमिनीला खत कमी. २०१० मध्ये यावर एक अभ्यास छापून आला, माडाच्या रानातली जमीन स्थानिक झाडांखालच्या जमिनीपेक्षा कितीतरी निकस निघाली. २०११ मध्ये तिथले उंदीर संपवले आणि आता माडही कमी करून जुनं रान परत आणायचं काम चालू आहे. रत्नागिरीतल्या माडाला यातलं काहीही लागू नाही, तिथे माणूस खाली पडलेला प्रत्येक नारळ उचलतो!

मॉरिशसला नातेवाईक आहेत, तिथेही असंच आहे का?

मॉरिशसला मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न येतोच. तिथलं चित्र उलटसुलट आहे. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, रानात संपत आला होता, शेळ्या आणि ससे रोपंच उरू देत नव्हते. शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये काढले, मग रोपं दिसायला लागली. आणि जगभरच्या हॉटेलांच्या लॉनवर मात्र हाच बॉटल पाम मजेत उभा. क्युरपीप गावाच्या बागेत तर एका जातीच्या पामचं जगातलं एकमेव झाड आहे, हायोफोर्बे अमारिकॉलिस, एकटंच, जाळीच्या आधाराने उभं. नातेवाइकांकडे गेलात तर बीचवरून अर्धा दिवस काढून ते बघून या.

त्याच मॉरिशसमध्ये मादागास्करहून आलेला ट्रॅव्हलर्स पाम डोंगरभर पसरलाय. तो खरं तर पामच नाही, बर्ड ऑफ पॅरडाइजच्या घराण्यातला, पण अलिबागच्या प्रत्येक रिसॉर्टला तो गेटवर लागतोच.

माझ्या गॅलरीत अरेका पाम आहे, तो काढून टाकू का?

नको हो! कुंडीतला अरेका फळापर्यंत सहसा पोचतच नाही. तो मूळ पूर्व मादागास्करचा, आणि गंमत बघा, घरोघरी कुंडीत असलेलं हे झाड स्वतःच्या रानात मात्र धोक्याच्या उंबरठ्यावर गणलं जातं. जमिनीत लावला की गोष्ट थोडी बदलते, रियुनियन, क्युबा, पोर्तो रिको आणि आपलं अंदमान इथे तो बागेबाहेर उगवलेला नोंदवलाय. पुण्यातल्या गॅलरीत तुमची एकच जबाबदारी, पाणी जास्त घालू नका, मुळं कुजतात.

अंदमान-निकोबारला राहणाऱ्यांनी मात्र बाहेरचे पाम आणण्याआधी दहा वेळा विचार करावा. निकोबारचा स्वतःचा बेंटिंकिया निकोबारिका हा पाम आहे, पोफळीसारखा देखणा आणि रानात धोक्यात आलेला.

कोकणात किंवा गोव्यात अलेक्झांड्रा लावला तर?

माझं मत सांगतो. उघड्या माळावर, जांभ्या दगडाच्या सड्यावर तो पसरणार नाही, आपले आठ कोरडे महिने त्याच्या रोपांना पुरून उरतात, बी वाळलं की मेलंच. पण पाटाचं पाणी खेळवलेली पोफळीची बाग, गोव्यातलं कुळागर, बारमाही वहाळाचा काठ, अशा जागी जिथे पोफळीची रोपं आपोआप उगवतात तिथे याचीही उगवायला काय हरकत आहे? म्हणून वहाळाच्या वरच्या अंगाला तरी लावू नका. आणि पोफळ असताना पोफळीची परदेशी बहीण कशाला लागते हेच मला कळत नाही. काहीतरी वेगळं हवंच असेल तर भेर्ली माड लावा, माशाच्या शेपटीसारखी पानं, फुलोरा वरून खाली येत जातो आणि शेवटचा घोस पिकला की झाड मरतं, कांडेचोर त्याच्या फळावर तुटून पडतात. फक्त फळ हाताने चोळू नका, भयंकर खाज सुटते.

आमच्या आवारात आधीच मोठा झालाय, तोडावाच लागेल का?

शहरात असाल तर नाही. घोस हिरवा असताना कापून टाका, बास. झाडाला त्रास काही होत नाही, उलट फळ पोसायची शक्ती वाचते. आमच्या आवारातल्या झाडाचा घोस मी दर वेळी 'पुढच्या रविवारी कापू' म्हणत राहिलो, बुलबुलांनी रविवारची वाट बघितली नाही, आणि पुढच्या पावसात शेजारच्या जास्वंदीच्या कुंडीत कोंब.

रानाला लागून असाल, बेटावर असाल तर मात्र तोडाच. यात पामची एक गोष्ट बरी आहे. एकखोडी पामला वाढीचा शेंडा एकच असतो, खालून कापला की परत फुटत नाही, सुबाभळीसारखं दहा फांद्या काढून वाकुल्या दाखवत नाही. बीसुद्धा मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसत नाही. म्हणजे मोठी फळणारी झाडं आधी तोडायची आणि मग रोपं दर पावसाळ्यानंतर मुळासकट उपटत राहायची, काही वर्षांत जागा मोकळी होते. बेटात वाढणाऱ्या पिनांगासारख्याचं काम जिकिरीचं, त्याचा सगळा गड्डाच काढावा लागतो.

कापलेला घोस कुठे टाकायचा?

ओढ्यात नाही, नदीकाठी नाही, डोंगरावर 'खत होईल' म्हणून तर अजिबात नाही. हिरवा असेल तर तुकडे करून कंपोस्टात. लाल झाला असेल तर काळ्या पिशवीत घट्ट बांधून महिना दोन महिने कडक उन्हात ठेवा, मग टाका.